धाकटीचं उजवं इंजिन

विमान कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेचे सरकते दरवाजे येतात. आमच्या ऑफिसला लाकडी दरवाजा होता. तो पावसात फुगायचा आणि मग उघडायचाच नाही. शेवटी तो काढून भिंतीला टेकवून ठेवला आणि पडदा लावला. त्या पडद्याआड माझं काउंटर. तिकीट मी फाडायचे, सामान मी तोलायचे, माणसंही मीच तोलायचे, आणि विमान सुटतंय हे भोंग्यावरून ओरडायचेही मीच. एकदा एक गृहस्थ तावातावाने आले. म्हणाले, "मला तुमच्या वरच्यांशी बोलायचंय." मी स्टुलावर चढून उभी राहिले आणि म्हटलं, "हं, बोला."

माणसं तोलायची म्हणजे खरंच तोलायची. नऊ सीटचं विमान ते, आगगाडी नव्हे. कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, हे वजनावर ठरायचं. काट्याचं तोंड मी माझ्याकडे फिरवून ठेवलं होतं आणि आकडा कधी मोठ्याने वाचला नाही. बायका काट्यावरून उतरताना हळूच विचारायच्या, "किती हो?" मी म्हणायचे, "विमान उडेल एवढं." मला तोंडाळ म्हणायचे सगळे. म्हणू देत. पण वजन कुणाचं फोडलं नाही.

मालकांचा धंदा मुळात ट्रकचा. डोंगरापलीकडच्या गावांतून मोठ्या शहरात जायचं तर बसने अख्खा दिवस जायचा, हाडं खिळखिळी व्हायची. मालकांच्या डोक्यात आलं, इथे विमान चालवू. हौसेला मोल नाही म्हणतात, ते खोटं. मोल असतं, फक्त ते हौस करणाऱ्याला भरावं लागत नाही. मालकांनी कुठूनतरी दुसऱ्या कंपनीने वापरून वापरून टाकलेली तीन विमानं आणली, प्रत्येकाला दोन पंखे, दोन इंजिनं. मिस्त्रींनी तिन्हींना प्रदक्षिणा घातली, बोटाने इथे तिथे टकटक केलं आणि म्हणाले, "पोरी चांगल्या घरच्या आहेत. नुसत्या दमल्यात." त्याच दिवशी नावं पडली. थोरली, मधली आणि धाकटी.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळा तळ त्यांना मिस्त्री म्हणायचा, म्हणून मीही म्हणते. समोर अर्थात 'अहो'.

तर आमची कंपनी अशी. आणि चालली हो, चांगली चालली! नाकात नळी घातलेले पेशंट, कोर्टाच्या तारखेला निघालेले वकील, खोक्यात चिवचिवणारी कोंबडीची पिल्लं, नवी नवरी आणि तिच्यामागे रडून डोळे सुजलेली तिची आई. सगळे माझ्या काट्यावरून गेले. एका मास्तरणीची बदली वर डोंगरात झाली होती, ती दर आठवड्याला यायची आणि मला म्हणायची, "ताई, माझी खिडकीची जागा." म्हणजे काय, सगळ्याच जागा खिडकीच्या होत्या.

आमची लेक त्या तळावर वाढली. मधलीच्या पंखाच्या सावलीत तिने पाढे पाठ केले. मोठे कॅप्टन तिला मांडीवर बसवून चाक धरायला द्यायचे. मी म्हणायचे, "कॅप्टन, पोरीला नको त्या सवयी लावू नका," आणि ते म्हणायचे, "बाई, सवय लागून गेली, आता ओरडून काय उपयोग?" खरंच लागून गेली. शिकली, परीक्षा दिल्या, आणि आमच्याच कंपनीत मोठ्या कॅप्टनच्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. पहिल्या दिवशी भोंग्यावर 'विमान सुटत आहे' म्हणताना माझा आवाज फाटला. लोकांना वाटलं, भोंगा बिघडला.

मिस्त्री त्या दिवशी विमान दिसेनासं होईपर्यंत धावपट्टीच्या कडेला उभे होते. हातात पाना, तोंड उघडं. मी म्हटलं, "माशी जाईल." तरी तोंड मिटेना.

आता मुद्द्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गरीब कंपनीत नवे सुटे भाग येत नाहीत. एकीचं काढायचं आणि दुसरीला लावायचं, अशी रीत. एका खडबडीत उतरण्यात थोरलीचं चाक खचलं आणि पंख वाकला. दुरुस्ती परवडेना. मग ती शेडमागे उभी राहिली आणि तिचं एकेक निघू लागलं. आज आरसा, उद्या सीट, परवा चाकाचा ब्रेक. थोरल्या बहिणीने धाकट्यांना नेसवायचं तसं चाललं होतं. शेवटी तिची दोन इंजिनं निघाली, चांगली जोडीची इंजिनं. मिस्त्रींनी दोन्ही शेडमध्ये शेजारी शेजारी मांडून पूर्ण उघडली. पिस्टनचे दांडे धरून ठेवणारे बोल्ट नवीन घातले, दोन्हींचे एकाच डब्यातले. त्याच हाताने, त्याच पान्याने आवळले. मग डावं इंजिन मधलीला बसवलं, उजवं धाकटीला. दोघी अशा काही गुणगुणायला लागल्या की मालकांनी मिस्त्रींना मिठी मारली.

पुढच्या पावसाळ्यात मधली पडली.

मोठे कॅप्टन होते, आमची लेक होती, मास्तरीण होती, आणि इतर सगळ्या सीटा भरलेल्या. मी स्वतः सगळ्यांना तोललं होतं. डोंगरांच्या मध्ये मोठं धरण आहे, त्या पाण्यात पडली. माणसं वर काढली, जिवंत कुणीच नव्हतं. आमची लेकही काढली. शेपूट निघालं, एक पंख निघाला. डावं इंजिन गाळात गेलं ते गेलंच. पाणबुडे चार वेळा उतरले आणि मग म्हणाले, तळ सापडत नाही.

काठावर दोन मासेमार होते. एक म्हणाला, विमान ढगात शिरलं आणि आवाज एकदम अर्धा झाला. दुसरा म्हणाला, काहीतरीच काय, पाण्यावर आपटेपर्यंत आवाज पूर्ण होता. सख्खे भाऊ ते, एकाच होडीत बसलेले. चौकशीच्या साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं, ढगांचा अभ्यास केला आणि भर सभेत सांगितलं, "बहुधा हवामान."

बहुधा! मेल्याला एवढा मोठा पगार, आणि एक शब्द धड बोलता येईना.

मिस्त्री त्या 'बहुधा'वर कसे अडकले ते मी डोळ्यांनी पाहिलं. सभेतून बाहेर आलो तर मास्तरणीचा भाऊ उभा होता. शांत माणूस. त्याने एवढंच विचारलं, "डावं इंजिन कुणी बसवलं होतं?" मिस्त्री म्हणाले, "मी." तो मान हलवून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं, मी तर देतेच.

त्यानंतर माझ्या काट्यावर माणसं येईनाशी झाली. रस्ताही नवीन झाला, बसगाड्या गुबगुबीत आल्या. मालकांनी एक दिवस भोंगा काढून घरी नेला आणि कंपनी संपली. एवढाच तिचा इतिहास. ज्यांना मोठा हवा असेल त्यांनी मोठ्या कंपनीचा वाचावा. धाकटी तेवढी तळाच्या टोकाला गवतात राहिली. मालक म्हणाले, "मिस्त्री, गिऱ्हाईक मिळेपर्यंत बघत राहा तिच्याकडे." मिस्त्री म्हणाले, "बघतो."

आणि बघत राहिले, वर्षानुवर्षं. मिस्त्रींनी बस डेपोत नोकरी धरली, मी शाळेच्या ऑफिसात टायपिंग करायला लागले. पण रविवार आला की विमानाची बॅटरी स्कूटरच्या पायाशी, मी मागच्या सीटवर, आणि निघालो तळावर. धावपट्टीवर एव्हाना ड्रायव्हिंग स्कूल सुरू झालं होतं. शिकाऊ लोक गाड्या तिरक्यातिरक्या चालवायचे, मिस्त्री त्यांना चुकवत धाकटीपाशी जायचे. पंखा आधी हाताने फिरवायचा, तेल बघायचं, मग आत बसून किल्ली. उजवं इंजिन खोकायचं, धूर टाकायचं आणि धरायचं. मग मिस्त्री खाली उतरून स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला लावायचे, मूठ कानाला, डोळे मिटून ऐकत राहायचे. लोक म्हणायचे, मिस्त्रींना वेड लागलंय, कंपनी परत सुरू होईल अशी आशा आहे बिचाऱ्याला.

कंपनी गेली खड्ड्यात! मिस्त्रींना कंपनीशी काय देणंघेणं? मला माहीत होतं ते का ऐकतात. हे इंजिन आणि ते इंजिन जुळ्या बहिणी. तेच बोल्ट, तोच डबा, तोच हात. हे जोवर नीट चालतंय तोवर तेही नीटच चाललं असणार. म्हणजे ढगांनीच घात केला. म्हणजे बापाने लेकीला मारलं नाही. एवढं ते दर रविवारी त्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला कान लावून विचारत होते.

आणि मी? मी तोंडाने कायम म्हणत आले, "हवामान होतं हो, हवामान." पण खोटं कशाला बोलू? इंजिन पहिल्यांदा खोकलं की मी पदर मुठीत आवळायचे, आणि ते धरलं की जीव भांड्यात पडायचा. म्हणजे शंका मलाही होती. कधी कधी जेवताना त्यांचे हात दिसायचे, नखांत तेल बसलेले ते हात, आणि मनात यायचं, या हातांनीच तर... मग मी उठून उगाच पाणी आणायला जायचे. ज्या माणसावर जीव आहे त्याच्याबद्दल असं मनात येणं म्हणजे काय असतं, ते वैऱ्यालाही कळू नये.

कितीदा म्हटलं, "अहो, एकदा उघडून बघा ना. काय ते कळेल."

मिस्त्री म्हणायचे, "चालत्या इंजिनाला पाना लावू नये."

"डेपोत तर चालत्या बसची इंजिनं उघडता."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, माहीत आहे ना?"

"आणि कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तेही माहीत आहे." मी पण काही कमी नाही. पण मग त्यांचा चेहरा बघून भाजीचा विषय काढायचे.

मालक गेले. त्यांच्या सुनेने तळाची जागा विकायला काढली. तिचं काही चुकलं नाही, तिने थोडंच विमान मागितलं होतं? तिने फोन करून सांगितलं, "मिस्त्रीकाका, गिऱ्हाईक येतंय. शेतांवर औषध फवारायची विमानं आहेत त्यांची. तेवढं दाखवा."

फवारणीवाला आला, बरोबर त्याचा फिटर. फवारणीवाला चटपटीत, फिटर लठ्ठ आणि अबोल. मिस्त्रींनी स्वच्छ शर्ट घातला होता, धाकटीला आदल्या दिवशी धुतलं होतं. मला वाटलं, उपवर मुलगी दाखवायला निघालेत. दोन्ही इंजिनं चालवून दाखवली. काय आवाज होता! ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या थांबल्या ऐकायला. फवारणीवाला खूश झाला. म्हणाला, "मला दोन्ही इंजिनं हवीत. सांगाडा भंगारात जाईल."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. तरी गिळलं त्यांनी. म्हणाले, "जपून वापरा."

"वापरणारच. फक्त आधी उघडून बघू. आवाज ठीक आहे, पण उघडल्याशिवाय मी घेणार नाही. माणूस बसतो हो त्यात."

त्याच्या जागी मिस्त्री स्वतः असते तर हेच बोलले असते. ते धाकटीच्या पंखाला हात टेकवून उभे राहिले. आणि मग म्हणाले, "उजवं घेऊ नका. उजवं खराब आहे."

मी चमकून बघितलं. मशीनबद्दल खोटं बोलताना मी त्या माणसाला उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मालकांचा केवढा दट्ट्या असायचा, तरी नाही.

"खराब?" फवारणीवाला म्हणाला. "आवाज तर—"

"आवाजावर जाऊ नका. आत कुठेतरी गेलंय. माझ्या हातून राहिलं असेल."

फिटरने पहिल्यांदा तोंड उघडलं. "मिस्त्रीकाका, असं असेल तर उघडायलाच हवं."

घरात शिरताच मी कडाडले. "स्वतःच्या तोंडाने म्हणालात! इतकी वर्षं जे कुणी म्हणू नये म्हणून जिवाचं रान केलंत, ते तुम्हीच म्हणालात!"

मिस्त्री चप्पल न काढता तसेच खुर्चीवर बसले. "उघडलं आणि तडा निघाला तर? मग मी काय करायचं, सांग."

"आणि नाही निघाला तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणाले, "नाही निघाला तर झोप लागेल."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "अहो, तुम्ही नाही उघडलंत तर ते उघडतील. आपल्या पोरीचं काय झालं ते तुम्हाला परक्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय का?"

मिस्त्रींनी चप्पल काढली, नीट जोडीने ठेवली. "जुनी चादर आहे का गं एखादी? पांढरी लागेल."

शेडमध्ये चिमण्यांनी संसार मांडले होते. फिटरने साखळीने उजवं इंजिन उतरवून लाकडी घोड्यावर ठेवलं. माझी चादर जमिनीवर पसरली. मी बूड टेकायला एक डबा पालथा घातला आणि बसले. मला वाटलं होतं मिस्त्री पहिला नट बघूनच मागे फिरतील. छे! पाना हातात आला आणि ते पंधरा वर्षांनी तरुण झाले. एकेक भाग निघत होता आणि चादरीवर जिथल्या तिथे ओळीने बसत होता. फिटर नुसता पुसून देत होता. मधेच म्हणाला, "काका, तुमचं काम बघून मला माझी लाज वाटते." मिस्त्री म्हणाले, "लाज नंतर. तो दिवा इकडे धर."

दुपारी बोल्ट निघाले. रॉकेलमध्ये धुतले, कोरडे केले. मग फिटरने आपल्या पिशवीतून दोन फवाऱ्याचे डबे काढले आणि मला समजावून सांगितलं, "बाई, हे लाल औषध आधी मारायचं. तडा असेल, केसाएवढा जरी, तर ते त्यात शिरतं. मग वरचं पुसून टाकायचं आणि हे पांढरं मारायचं. तडा असेल तिथून लाल बाहेर येतं. पांढऱ्यावर लाल रेघ दिसते. नसेल तर पांढरं पांढरंच राहतं."

लाल मारलं. थांबलो. पुसलं. पांढरं मारलं.

मिस्त्री उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"लाल रेघ दिसली तर सांग. तेवढं कळतं."

मी चादरीपाशी गुडघे टेकले. पिठात लोळवल्यासारखे दिसत होते बोल्ट. फिटर माझ्या बाजूला उकिडवा बसला. मी पहिल्यापासून बघत गेले. पांढरा. पांढरा. हाही पांढरा. आणि मग एकाच्या आट्यांपाशी लाल फुटलं. आधी ठिपका, मग पसरायला लागलं.

माझ्या घशातून आवाज निघाला असणार, कारण मिस्त्री भिंतीकडे बघूनच म्हणाले, "आहे ना?"

मला आठवलं, त्या दिवशी लेक काट्यावरून उतरताना मला म्हणाली होती, "आई, आकडा सांग ना, मी जाड झालेय का?" आणि मी तिलाही सांगितला नव्हता. आणि मला त्या माणसाचा, माझ्या नवऱ्याचा, इतका राग आला की त्याच्या पाठीत काहीतरी फेकून मारावं. खरं सांगते, आला.

फिटर म्हणाला, "थांबा, बाई. आट्यांत पुसायचं राहिलंय." त्याने तो बोल्ट उचलला, धुतला, चिंधीचं टोक एकेका आट्यातून फिरवलं. पुन्हा लाल मारलं. पुन्हा थांबलो. तेवढा वेळ मिस्त्री वळले नाहीत की हलले नाहीत. एक चिमणी त्यांच्या डोक्यावरच्या तुळईवर काडी घेऊन आली आणि गेली. पुन्हा पुसलं, पुन्हा पांढरं.

मी त्या बोल्टाकडे बघत राहिले. डोळे चुरचुरले तरी पापणी लवू दिली नाही. फिटरने तो फिरवून सगळ्या बाजूंनी दाखवला.

"पांढरा आहे," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे हो! या, स्वतः बघा!"

मिस्त्री आले. चष्मा चढवला. एकेक बोल्ट दिव्याखाली धरला, शेवटपर्यंत. मग सुरुवातीपासून पुन्हा सगळे. आणि मग हसले. हे हसू मी विसरून गेले होते. खालचा एक दात वाकडा आहे त्यांचा, तो हसल्यावर दिसतो, आणि तो मला कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

"बघितलंस?" ते फिटरला म्हणाले. "एकाच डब्यातले. दोन्ही इंजिनांना एकाच डब्यातले, हे इथेच बसून घातलेत. तू बसलायस ना, तिथे." त्यांनी फिटरच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढे झुकला. "काही नव्हतं त्यात! मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही कुठे म्हणत होता? मी म्हणत होते!"

"बरं बाई, तू म्हणत होतीस." आणि आम्ही हसायला लागलो. त्या शेडमध्ये, तेलकट हातांनी, दोघं म्हातारे वेड्यासारखे हसत होतो. मी पदराने डोळे पुसत होते. माझ्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

"अगं, बघत काय बसलीस?" मिस्त्री म्हणाले. "पोरीला फोन लाव. आधी तिला सांगू. तिला वाटत असेल, बाबानेच..."

"हो, हो, लावते," मी म्हटलं.

आणि मी पर्समध्ये हात घातला. शपथेवर सांगते, फोन काढला, चष्मा लावला आणि तिचा नंबर शोधायला लागले. तो फोन तिच्यानंतरचा. तिचा नंबर त्यात कधी नव्हताच. तरी मी शोधत होते, खाली खाली जात होते, आणि मिस्त्री माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणत होते, "लागतोय का?"

मग माझा अंगठा थांबला.

मिस्त्रींना माझ्याआधी कळलं की नंतर, माहीत नाही. फिटर उठला आणि आवाज न करता बाहेर गेला. मिस्त्री हळूहळू चादरीवर बसले. त्यांनी एक बोल्ट उचलला, पांढरी पूड बोटांना लागली ती बघितली. आणि काहीतरी पडताळून घ्यावं तशा आवाजात मला विचारलं, "ती नाहीये, ना गं?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. इंजिनाचं विचारत राहिले.

"नाही हो," मी म्हटलं. "नाहीये ती."

मग त्यांनी हंबरडा फोडला. पाण्यातून तिला वर काढलं तेव्हा फोडला नव्हता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि आमची लेक आमच्यासाठी त्या दिवशी गेली.